एसटीतल्या त्या सिस्टरताईंना

मागच्या सोमवारी दारव्ह्याहून यवतमाळला येताना एसटीत आईचा जबडा दुखू लागला. वय 68, शुगर आहे. दोन दिवसांपासून कापूस वेचून आली की पाठ भरून यायची, मळमळायचं, चार पावलांत धाप लागायची. आम्ही पित्त समजून लिंबू-सोडा पाजत होतो. छातीत कळ नव्हती, म्हणून हृदयाचं डोक्यातच आलं नाही.

मागच्या सीटवरच्या ताई उठून आल्या. आपल्या पदरानं आईच्या कपाळावरचा गार घाम पुसला, नाडी धरली. "हे पित्त नोहे वो माय. बायकांचा अटॅक कधी कधी असाच येते." शुगरवाल्यांना छातीत दुखेलच असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

कंडक्टरभाऊंनी बस थेट सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी नेली. एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही. ईसीजीत अटॅकच निघाला.

ताई आईचा हात धरून आतपर्यंत आल्या. त्यांची पुढची गाडी चुकली. बसमध्ये राहिलेली आईची चप्पलही कोणीतरी आणून दिली. या धावपळीत नाव विचारायचं राहूनच गेलं.

ताई, कंडक्टरभाऊ, मनापासून आभार. आई घरी आली आहे. वेचणीला जाऊ द्या म्हणून रोज भांडते.