भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा

‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीचा आधार (सुरक्षा-सुधारणा मिळणे) संपल्याने इंदूरमधील कार्यालये जुने संगणक वजनावर विकू लागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. ही घाई अनाठायी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार संपला, यंत्रे बिघडली नाहीत. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, एवढ्यावरून धडधाकट यंत्रे बाद ठरली.

असे संगणक रखडतात ते बहुधा जुन्या हार्ड डिस्कमुळे. झाकण काढून पंख्यावरची धूळ झटकावी, डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवावी, रॅम (चालू कामाची स्मृती) आठ जीबी करावी आणि लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली टाकावी. लिब्रेऑफिस (कार्यालयीन कामाची प्रणाली), ब्राउझर, देवनागरी टंकलेखन सारे फुकट मिळते. रामबागेतल्या एखाद्या वाचनालयाला वा शाळेला याहून अधिक काय हवे? (जुनी डिस्क मात्र तिच्यातली माहिती पूर्ण पुसल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये. कार्यालयांचा खरा हलगर्जीपणा तिथेच असतो.)

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांनी असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच द्यायचा आहे. रस्त्यावरचा भंगारवाला त्यात बसत नाही. स्वच्छतेत सलग सात वर्षे पहिल्या आलेल्या शहराच्या महापालिकेने नूतनीकरण करणाऱ्यांची यादी प्रभागनिहाय लावावी. काचेचे जाडजूड मॉनिटर तेवढे खुशाल पुनर्चक्रणाला जाऊ द्यावेत, त्यांत शिसे असते.

— एक वाचक, रामबाग, इंदूर