कलम मेलं पण रायण जगली

मा. संपादक, स.न.वि.वि.

आम्ही कारेलीबागेत राहतो. खिरणीचं झाड म्हटलं तर इथे बडोद्यात पटकन कुणाला कळत नाही, आम्ही मराठी घरातलेसुद्धा रायणच म्हणतो. पंधराएक वर्षांपूर्वी नर्सरीतून चिकूचं कलम आणून मागच्या अंगणात लावलं होतं, दुसऱ्याच उन्हाळ्यात वरचा चिकू वाळून गेला पण जोडाच्या खालून फुटवे आले, पानं वेगळीच, जाडसर, टोकाला बारीकशी खाच असलेली. माळी म्हणाला उपटून टाका, जंगली आहे. सासऱ्यांनी पान हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, अगं ही तर रायण, राहू दे. चिकूचं कलम रायणीच्या रोपावरच बांधतात, मुळं चिवट असतात म्हणून, हे मला तेव्हा कळलं.

आता त्या झाडाला मे महिन्यात पिवळीधमक फळं येतात, बोटाच्या पेराएवढी, खूप गोड, पण चार-पाच खाल्ली की चिकाने ओठ चिकटतात, मग तेलाचं बोट फिरवायचं. उरलेली फळं वाळवून कोकडी करते, उपासाला चालते. सासरे सांगायचे की लाकूड इतकं टणक आणि जड की तेलाच्या घाण्याला वापरायचे, आणि हिरड्या सुजल्या की सालीच्या काढ्याच्या गुळण्या करायचे. पालिताण्याला शत्रुंजय डोंगरावर आदिनाथांच्या मंदिराजवळची रायण तर जैन लोक पूजतात!

माझं म्हणणं एवढंच आहे की 2023 मध्ये गुजरातच्या वनखात्याने कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड लावायला बंदी केली, तर आता ती झाडं काढून जी जागा होतेय तिथे कॉर्पोरेशनने रायण लावावी. सावकाश वाढते हे खरंय, पहिली काही वर्षं जाळी लावून जपावी लागेल, पण बारा महिने हिरवी असते, ऊन सोसते, पक्ष्यांना आणि पोरांना खायला मिळतं. आणि ज्यांच्या घरी चिकूचं कलम वरून मेलंय त्यांनी प्लीज बुंधा उपटू नका, खालून काय फुटतंय ते एक पावसाळा बघा.

यंदाच्या बिया धुऊन सावलीत ठेवल्यात, पहिला पाऊस पडला की पिशव्यांमध्ये पेरणार आहे, गार्डन खात्याने रोपं मागितली तर आनंदाने देईन.

आपली एक वाचक,
कारेलीबाग, बडोदा