विषय : मूळ आवृत्ती सांगून ‘१०० बुलेट्स’ची बनावट प्रत पाठवल्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी ‘१०० बुलेट्स’ या कॉमिक मालिकेचा पहिला खंड मागवला. ‘मूळ आवृत्ती’ असे तिथे स्पष्ट लिहिले होते आणि किंमतही तशीच घेतली. हाती पडली ती बनावट प्रत. परत घ्या म्हटले, तर ग्राहक सेवेचे उत्तर आले : ‘गोष्ट तीच आहे, पाने पूर्ण आहेत, परत घेता येणार नाही.’ हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

ब्रायन अझारेलो यांनी लिहिलेली आणि अर्जेंटिनाचे एदुआर्दो रिसो यांनी चितारलेली ही मालिका १९९९ ते २००९ या काळात १०० अंकांत पूर्ण झाली. एजंट ग्रेव्हज एखाद्या होरपळलेल्या माणसाला गाठतो आणि ब्रीफकेस देतो. आत पिस्तूल, माग न लागणाऱ्या शंभर गोळ्या आणि त्याचे आयुष्य कोणी उद्ध्वस्त केले याचा पुरावा. सूड घ्यायचा की नाही, ते त्याने ठरवायचे. या सूडकथांच्या मागे तेरा घराण्यांच्या ‘ट्रस्ट’चे कारस्थान आहे, पण रिसो ते बोट ठेवून दाखवत नाहीत. मागच्या टेबलावर कोण बसले आहे, खिडकीबाहेर काय चालले आहे, हे वाचकाने टिपायचे. अर्धा चेहरा काळ्या शाईत बुडवलेला असतो तो मुद्दामच.

मित्राकडची मूळ प्रत शेजारी ठेवून पाहिली. तिच्यात जिथे गडद काळोख आहे, तिथे आपल्या प्रतीत राखाडी ठिपके आहेत. छापील पान स्कॅन करून पुन्हा छापल्याचे उघड दिसते. डिझी कॉर्डोव्हा तुरुंगातून सुटून शिकागोला परतते, त्या पहिल्याच कथेत मागची माणसे ओळखू येत नाहीत. कडा इतक्या छाटल्या आहेत, की काही फुग्यांतल्या संवादांची टोके गेली. पान उघडले की चित्राचा मधला भाग बांधणीत गडप होतो आणि जरा जोर दिला की डिंक सुटून पान हातात येते. चित्रच दिसत नसेल, तर गोष्ट तीच कशी?

इंग्रजी कॉमिक्स आपल्याकडे महाग, आणि आमच्यासारख्या लहान गावात दुकानात चाळून घेण्याची सोय नाही. आपण लिहिलेल्या दोन शब्दांवर विसंबूनच आम्ही पैसे भरतो. शिवाय अशा प्रतीचा एक रुपयाही लेखक-चित्रकारांपर्यंत पोहोचत नाही, याचा मला जास्त राग आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू बनावट, सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत व्हायला हवे.

तरी प्रत आपल्या खर्चाने परत न्यावी आणि मूळ आवृत्ती पाठवावी. ती नसेल, तर पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जमा करावी. वॉलेटमधले पॉइंट्स मी घेणार नाही. या विक्रेत्याची ही नोंद संकेतस्थळावरून तातडीने काढावी. मुदतीत दखल न घेतल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : पावती, दोन्ही प्रतींतील त्याच पानांची छायाचित्रे आणि ग्राहक सेवेचे उत्तर.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)