गोष्ट संपली की एपिसोड संपवा

संपादक महोदय,

दर भागात नवी गोष्ट असणाऱ्या मालिकांचे एपिसोड तासाभराचे करा असं हल्ली बरेच जण म्हणतात, मला काही ते पटत नाही. 'द ट्वायलाइट झोन' या गूढकथांच्या जुन्या अमेरिकन मालिकेने १९६३ मध्ये चौथ्या सीझनला हे करून बघितलंच होतं की, अर्ध्या तासाचा भाग एक तासाचा केला आणि पुढच्या सीझनला परत अर्ध्या तासावर आले. अशा गोष्टीचा सगळा जीव शेवटच्या धक्क्यात असतो, वेळ वाढवला की तेच पात्र तीनदा खिडकीत जाऊन उभं राहतं, तोच संशय पुन्हा बोलून दाखवतं आणि तोवर आपल्याला शेवट कळलेला असतो. हां, नात्यांवरची गोष्ट असेल तर वीस मिनिटं खरंच कमी पडतात, तिथे द्या ना चाळीस! पण सरसकट सगळ्यांना एकच माप कशाला? ओटीटीवर तर स्लॉट भरायची सक्तीही नाही.

– एक प्रेक्षक