ओव्हरहेड दाराची स्प्रिंग मोजमापाविना विकली जाऊ नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, नव्या घराला मोटार ठेवण्यापुरती बंदिस्त जागा असणे नवलाचे राहिलेले नाही. त्या जागेला दार कोणते बसवायचे, हा प्रश्न मात्र बहुतेक घरमालक बांधकाम संपत आल्यावरच विचारात घेतात. दोन झडपांचे फाटक बाहेर उघडले तर रस्ता अडवते आणि आत उघडले तर गाडीला लागते, बाजूला सरकणाऱ्या फाटकाला भिंतीलगत तेवढीच मोकळी जागा लागते, तर दुकानासारखे शटर पहाटे उघडले की सगळ्या आळीला त्याची वार्ता कळते. म्हणून वर उचलले जाऊन स्लॅबखाली आडवे राहणारे ओव्हरहेड दार स्वतः किंवा गावातील फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यावे, असे अनेकांच्या मनात येते. तयार संच मुंबई-पुण्याकडून मागवता येतो, परंतु त्याची किंमत आणि सात-आठ फुटी लोखंडी रूळांची वाहतूक हे दोन्ही खर्च पाहून पुष्कळजण तो विचार सोडतात. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केली असून निवृत्तीनंतर अशा कामांत सल्ल्यासाठी बोलावला जातो. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे, की या दाराचे जवळजवळ सगळे सामान आपल्याच बाजारपेठांत मिळते. फक्त त्यातील सर्वांत धोक्याचा भाग, म्हणजे स्प्रिंग, आपल्याकडे मोजमापाविना विकला जातो, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

हे दार काही नव्या काळाची करामत नव्हे. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी वर उचलले जाणारे असे दार १९२१ साली तयार केले आणि १९२६ साली ते विजेवर उघडण्याची सोय केली. रचना अद्याप तीच आहे. दार चार किंवा पाच आडव्या फळ्यांचे असते, फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात, त्यांच्या टोकांची चाके दोन्ही बाजूंच्या वळणदार रूळांत धावतात, आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यांना बांधलेले दोन पोलादी दोर वरच्या शाफ्टवरील ड्रमांभोवती गुंडाळले जातात. शाफ्टवरची पिळाची स्प्रिंग दाराचे वजन तोलून धरते. दार जसजसे वर जाते तसतशी एकेक फळी आडवी होऊन तिचा भार रूळावर येतो, म्हणजे दोराला लोंबकळणारे वजन कमी होत जाते. आणि नेमक्या त्याच वेळी स्प्रिंगचा पीळही उलगडत असल्यामुळे तिचा जोरही कमी होत जातो. चार इंची ड्रमाचा घेर साधारण फूटभर भरतो, म्हणून सात फूट उंचीच्या दाराला स्प्रिंग साडेसात फेरे पिळण्याची रीत पडली आहे. भार आणि जोर असे हातात हात घालून उतरत जातात, म्हणूनच ऐंशी किलोचे दार घरातील वृद्ध माणूसही एका हाताने उचलू शकतो.

ऐंशी किलो हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. आठ फूट रुंद आणि सात फूट उंच दाराला २० गेजचा पत्रा वापरला तर नुसता पत्रा ३७ किलो भरतो. एक इंची चौकोनी पाइपाच्या चौकटी ३३ किलोंच्या आसपास जातात आणि आडवे अँगल, बिजागऱ्या, चाके धरून एकूण वजन तेवढे होते. अँगल वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ४७ किलोंच्या घरात दाब देतो, आणि वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्याने उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याहून अधिक सांगावे लागू नये. पत्रा घेताना मात्र तो तोलून घ्यावा. आठ बाय चार फुटांचा २० गेजचा पत्रा २१ किलोंच्या थोडा वर भरला पाहिजे. अठरा किलोचा पत्रा वीस गेज म्हणून गळ्यात मारला जात असेल तर काटा ते लगेच सांगतो.

चाके, बेअरिंगे आणि शाफ्ट यांसाठी दूर जाण्याची गरज नाही. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या मळणी यंत्रांमुळे जालना, परभणी, लातूर, नांदेड अशा प्रत्येक मोंढ्याच्या आसपास बेअरिंगची दुकाने आहेत आणि शाफ्ट धरणारा पी-२०५ ठोकळा तेथे हमखास मिळतो. येथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. परदेशी पद्धतीचे ड्रम आणि स्प्रिंगच्या टोकांचे शंकू हे एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटर शाफ्टसाठी बनवलेले असतात, तर आपल्याकडचे सर्वसाधारण यूसी-२०५ बेअरिंग २५ मिलिमीटरचे असते. एक इंची शाफ्ट त्यात जात नाही, आणि पुष्कळ ठिकाणी मग शाफ्टच घासून बारीक केला जातो, हे चुकीचे आहे. त्याच ठोकळ्यात बसणारे यूसी २०५-१६ हे इंची बेअरिंग मागितले म्हणजे प्रश्न मिटतो. दुकानात नसेल तर दुकानदार मागवून देतो, फक्त आकडा अचूक सांगावा लागतो. रूळात धावणाऱ्या चाकांसाठी १० मिलिमीटर भोकाचे ६२०० क्रमांकाचे बेअरिंग पुरेसे आहे. रूळांत ग्रीस कधीही भरू नये, कारण उन्हाळ्यात उडणारी काळ्या मातीची धूळ त्यात मिसळली की तिचा खळीसारखा लगदा होतो. तेल बेअरिंगांना आणि स्प्रिंगलाच द्यावे.

बिजागऱ्यांचे काम फॅब्रिकेटर करू शकतो, मात्र सगळ्या एका मापाच्या करून चालत नाही. रूळ भिंतीपासून वरच्या बाजूला किंचित दूर झुकवलेला असतो, त्यामुळे वरच्या फळीच्या बिजागरीचा चाकाचा दांडा खालच्यापेक्षा अधिक बाहेर असावा लागतो. तयार बिजागऱ्यांवर एक, दोन, तीन असे क्रमांक उठवलेले असतात ते यासाठीच.

दोरासाठी कपडे वाळत घालण्याची प्लास्टिक चढवलेली तार किंवा मोटारसायकलच्या क्लचची केबल वापरल्याचे मी पाहिले आहे, आणि दोन्ही प्रकार निषेधार्ह आहेत. सात पेडांचा, प्रत्येक पेडात एकोणीस तारा असलेला जस्ताचा मुलामा दिलेला वायर रोप घ्यावा. तो लवचिक असल्यामुळे लहान ड्रमावर लवकर मोडत नाही. टोकाच्या फासात थिंबल, म्हणजे दोराला आतून आधार देणारी धातूची खोबण, घालून यू-क्लॅम्प आवळताना क्लॅम्पचा वाकलेला बोल्ट दोराच्या मोकळ्या टोकावर आणि पाठीचा ठोकळा भार घेणाऱ्या बाजूवर आला पाहिजे. उलटे केल्यास बोल्ट भाराच्या दोरातच रुततो.

भिंतीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. शाफ्टचा सगळा भार आणि स्प्रिंगचा पीळ दारावरच्या भिंतीत उतरतो. नव्या घरात तेथे काँक्रीटचा लिंटेल किंवा बीम असतो आणि त्यात अँकर फास्टनर घट्ट बसतो. परंतु धाराशिव, बीड, लातूरकडील दगड-मातीच्या जुन्या माळवदाच्या घरांत वाडा मोडून मोटारीसाठी जागा काढलेली असेल, तर त्या भिंतीत फास्टनर ठोकणे म्हणजे फसवणूक आहे. तेथे जमिनीपासून उभे चॅनल उभारून शाफ्ट त्यांवरच बसवावा.

आता स्प्रिंगकडे वळतो. पिळाच्या स्प्रिंगचा दर फेऱ्यामागचा जोर तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सहा मिलिमीटरच्या तारेऐवजी साडेसहा मिलिमीटरची तार आली तर बाकी सर्व मापे तीच असूनही जोर सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने दार एकतर झेप घेऊन वर आदळते किंवा, फरक उलटा असल्यास, खाली कोसळते. अशी वस्तू आपल्याकडे कशी विकली जाते? एका मोठ्या शहरातील दुकानात मी तारेचा व्यास, आतला व्यास आणि वेढ्यांची संख्या विचारली, तेव्हा मला स्प्रिंग किलोच्या भावात मिळते, मापे शटरवाले पाहून घेतात, असे उत्तर मिळाले. दुकानदार वाईट नव्हता. त्याला घाऊक व्यापाऱ्याकडूनही कोणतीच माहिती आलेली नव्हती. शटरसाठी बनलेली स्प्रिंग ओव्हरहेड दाराला आपोआप जुळेल असे समजण्यास कोणताही आधार नाही. भंगारातल्या स्प्रिंगचा प्रश्न वेगळाच आहे. सर्वसाधारण दर्जाची दाराची स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप सोसेल अशा हिशेबाने बनवली जाते, आणि दिवसातून चार वेळा दार उघडले तर ते आयुष्य सात वर्षांच्या आत संपते. जुन्या स्प्रिंगचे किती आयुष्य खर्ची पडले आहे हे तिच्या रंगरूपावरून कोणालाही सांगता येत नाही. मोटारसायकलच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग तर दाबासाठी बनलेली असते, ताणासाठी किंवा पिळासाठी नाही.

तारेचा व्यास मोजण्यासाठी मायक्रोमीटर लागतोच असे नाही. एकमेकांना चिकटलेले वीस वेढे टेपने मोजावेत. १२० मिलिमीटर भरले तर तार सहाची, १३० भरले तर साडेसहाची. पिळाची दिशाही पाहावी, कारण शाफ्टवर एकीऐवजी दोन स्प्रिंगा बसवल्या तर एक उजव्या आणि एक डाव्या पिळाची लागते. स्प्रिंग पिळताना तिच्या शंकूच्या भोकांत अर्ध्या इंची गुळगुळीत ब्राइट बारचे दोन तुकडेच घालावेत. आमच्या जालन्यात सळईचा तुकडा कोणत्याही कोपऱ्यात सापडतो, पण सळईला वेढ्यांचे उंचवटे असतात, १२ मिलिमीटरची सळई त्या भोकात सैल बसते, आणि पिळलेली स्प्रिंग हातून सुटली तर ती सळई मनगट मोडते. पाना किंवा पेचकस घालणाऱ्याविषयी न बोललेले बरे.

ज्यांना हे सर्व जोखमीचे वाटते, आणि पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ते तसे वाटावे अशी माझी इच्छा आहे, त्यांनी स्प्रिंगचा नाद सोडून वजनांचा तोल वापरावा. एकच अखंड वजन लोंबकळत ठेवले तर ते जमत नाही, कारण दार वर जाताना हलके होते आणि वजन तेवढेच राहते. यावर उपाय म्हणजे दोराला वजनांची माळ करणे. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून अडत दुकानांत दहा किलोची ओतीव लोखंडी वजने पडून आहेत. चार फळ्यांच्या दाराला दोन्ही बाजूंस अशी चार-चार वजने बांधावीत आणि दार वजनांपेक्षा दोन किलो जड ठेवावे, म्हणजे ते बंद राहते. दार २७ सेंटिमीटर वर गेले की सर्वांत खालचे वजन जमिनीवर टेकावे आणि त्यानंतर दर ५३ सेंटिमीटरला पुढचे वजन आधीच्यावर येऊन बसावे, अशी अंतरे ठेवली तर कोणत्याही टप्प्यावर दार आणि वजने यांत दहा किलोंहून फारसा फरक राहत नाही, आणि तेवढा हाताने सहज पेलता येतो. ही माळ पत्र्याच्या बंद पेटीत फिरली पाहिजे, उघडी अजिबात नको. घरात लेकरे असतात. जागा थोडी अधिक जाते आणि दिसायला ते स्प्रिंगइतके सुबक नसते, हे मान्य करावे लागेल. पण तोल वजनाने मोजता येतो आणि तो तपासण्यासाठी घरचा काटा पुरतो.

विजेच्या मोटरीबद्दल इतकेच, की ती स्प्रिंगचे काम करत नाही. तोल नसलेले दार ती उचलू लागली तर दोन्ही लवकर मोडतात. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती मोटरींना दाराखाली कोणी अडकल्यास दार उलटे फिरवण्याची सोय सक्तीची आहे. आपल्याकडे मोटर घेताना ती सोय आहे की नाही हे विचारावे, आणि वीज गेल्यावर दार हाताने सोडवण्याची दोरी आहे का, हेही पाहावे.

माझी हार्डवेअर व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या संघटनांना विनंती आहे, की स्प्रिंग किलोने विकायची तर खुशाल विकावी, परंतु प्रत्येक स्प्रिंगला तारेचा व्यास, आतला व्यास, लांबी, पिळाची दिशा आणि बनवणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. स्प्रिंगच्या तारेसाठी आयएस ४४५४ आणि लोखंडी शटरांसाठी आयएस ६२४८ ही भारतीय मानके अस्तित्वात आहेत, त्यामुळे काय लिहावे यासाठी कोणाला नव्याने डोके चालवावे लागणार नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वाळूज आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून बनवले जातात. त्याच जिल्ह्यात घराच्या दाराची स्प्रिंग अंदाजाने निवडली जावी, हे विसंगत आहे. तसेच जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी महिन्यातून एक दिवस फॅब्रिकेटरांसाठी स्प्रिंग तपासून देण्याची सोय केली तर त्याला फिटर शाखेचा एक मजबूत वाइस, मीटरभर लांबीचा दांडा आणि ताणकाटा यांपलीकडे काहीही लागणार नाही. स्प्रिंग एकेक फेरा पिळून दांड्याच्या टोकाशी किती किलोंचा ओढा येतो तेवढे वहीत नोंदवायचे असते, आणि हा प्रयोग शिकाऊ मुलांच्या प्रात्यक्षिकातही बसतो.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
जालना