गावाचा आकडा, पण कुठल्या महिन्यातला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं लहान गावांची ओळख करून देणारं सदर मी आवडीने वाचतो. मात्र त्यातला भूगोल दोन ओळींत आटोपतो, इतिहास ग्रामदैवतापाशी थांबतो आणि लोकसंख्या एका आकड्यात उरकली जाते. मला लिहायचंय ते मुख्यतः या आकड्याबद्दल.

'सध्याची लोकसंख्या' म्हणून छापलेला आकडा २०११चा असतो, कारण त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. निदान साल तरी सोबत द्यावं. दुसरी गोम हद्दीची. मोजणी होते महसुली गावाची. त्यात गावठाण येतं, तशा शिवारात विखुरलेल्या वाड्यावस्त्याही येतात. बाजारपेठेला चिकटून उभी राहिलेली नवी वसाहत शेजारच्या गावाच्या शिवारात असली, तर तिथली माणसं त्या गावाच्या खात्यात जमा. मग त्यांची शाळा, दवाखाना, आठवडी बाजार इकडचाच का असेना. शिवाय पाच हजारांवर वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि पुरुष कामगारांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, एवढं जुळलं की जनगणनेच्या लेखी ते शहर होतं. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहू शकतो. आपल्या सदरातली काही 'गावं' या हिशोबाने शहरं निघतील.

सर्वांत मोठा घोळ महिन्याचा आहे. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन उसाच्या गळीत हंगामात. जो या संपूर्ण काळात घरी नव्हता, त्याची नोंद घराच्या पत्त्यावर नाही, तो जिथे सापडेल तिथे करायची, असा नियम. आता बीड जिल्ह्यातलं डोंगरपट्ट्यातलं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि गल्लीच्या गल्ली कुलूपबंद होते. मागे उरतात म्हातारीकोतारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली पोरं. कोयता चालवणारी जोडपी त्या वेळी साखर कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्यांत असतात. तिथे प्रगणक पोचला तर कारखान्याचं गाव फुगतं, नाही पोचला तर ती माणसं कुठेच नसतात. पाऊस पडल्यावर त्याच गावात गेलात तर चावडीपुढे उभं राहायला जागा नसते.

कोकणात हेच वेगळ्या तऱ्हेने दिसतं. २०११मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुंबईला गेलेले चाकरमानी लक्षात घेतल्याशिवाय या आकड्याचा अर्थच लागत नाही.

इतिहासाचंही तेच. बऱ्याच गावांचा लेख शिवकाळापासून सुरू होतो, जणू त्याआधी तिथे रानच होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. आपल्याकडे अनेक गावांना जुन्या पांढरीचं, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या मातीचं टेकाड असतं. त्यातली माती लोक घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर टाकायला नेतात, तिच्याबरोबर खापरंही जातात. लेखकाने एकदा त्या टेकाडावर चढून यायला काय हरकत आहे?

जुनी लहान शहरं असतील तर १९०१पासूनचे आकडे जनगणनेच्या तक्त्यांत एकाखाली एक मिळतात. त्यात १९११ आणि १९२१ या ओळी जरूर पाहाव्यात. मध्ये १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ होऊन गेली. त्या दशकात सबंध देशाचीच लोकसंख्या घटली होती. १९०१चा आकडाही जपून वापरावा, कारण तेव्हा प्लेगच्या भीतीने गावं ओस पडत आणि लोक रानात झोपड्या घालून राहत. वर्ष लक्षात न घेता 'गाव लहान होतं' असं लिहिलं की फसगत होते.

पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७मध्ये ठरली आहे, म्हणजे पुन्हा हंगामातच. त्या दिवसांत आपला एक बातमीदार ऊसतोड्यांच्या एखाद्या गावात आणि दुसरा त्याच गावची टोळी उतरली असेल त्या कारखान्यावर पाठवावा. दोन्हीकडची यादी शेजारी-शेजारी छापलीत तर त्या गावाची खरी लोकसंख्या किती, हे वाचकांना पहिल्यांदाच कळेल.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक