कल्पनेचा दिवा आणि कल्पनेचे बीज

माननीय संपादक,
स. न.

एखाद्याला नवी कल्पना सुचली की त्याच्या डोक्यावर पेटलेला बल्ब काढायचा, ही इंग्रजी व्यंगचित्रांतली रीत मराठी वृत्तपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांतही रुळली आहे. अडलेले कोडे क्षणात लख्ख उलगडावे, तो अनुभव सांगायला हे रूपक चपखलच आहे. पण संशोधकाचे अनेक वर्षांचे काम सांगतानाही तेच वापरले जाते, तेव्हा वाचकाची दिशाभूल होते.

मुळात विजेचा दिवाच एका क्षणात सुचलेला नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान कित्येक वर्षे कार्बनच्या तंतूवर झटत होते, पण काचेच्या फुग्यातली हवा पुरेशी काढता येत नव्हती आणि पाऱ्यावर चालणारा निर्वात पंप हाती आल्यावरच त्यांच्या कामाला गती आली. अमेरिकेत मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत एडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाना पदार्थ पारखल्यावर ऑक्टोबर १८७९ मध्ये जाळून कोळसा केलेल्या सुती धाग्याचा दिवा काही तास टिकला. पुढे जपानी बांबूच्या तंतूने त्याचे आयुष्य हजार तासांपलीकडे नेले.

रूपकाने आपले मत किती बदलते, हे क्रिस्टन एल्मोर आणि मायरा लूना-लुसेरो या संशोधिकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांची कल्पना दिव्यासारखी उजळली असे ज्यांनी वाचले, त्यांना ती बीजासारखी जोपासली गेली असे वाचणाऱ्यांपेक्षा अधिक असामान्य वाटली. मात्र हेडी लामार या अभिनेत्री-संशोधिकेच्या बाबतीत दिव्याचा तो लाभ दिसला नाही. उलट बीजाचे रूपक त्यांच्या बाजूने झुकले. काम तेच असताना केवळ वर्णनामुळे, आणि तेही करणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष यावरून, प्रतिभेचे मोल बदलावे, हे विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारखीला फार अस्वस्थ करते. चिकाटीने केलेले काम प्रतिभेपेक्षा कमी दर्जाचे, अशी समजूत मुलांच्या मनात याच वाटेने शिरते.

कल्पना रुजते, फळाला येते, असे आपण मराठीत सहज म्हणतोच. तेव्हा शास्त्रज्ञांवरील लेखांबरोबर बल्बचे ठरावीक चित्र देण्याऐवजी त्यांच्या प्रयोगवहीचे पान, फसलेल्या चाचण्या आणि सहकाऱ्यांची नावे छापावीत, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा